कपाटातल्या बाईची बाजू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय न्यायाधीशसाहेब, व्यासपीठावरच्या डॉक्टरीणबाई, आपल्या वाचनालयाचे कार्यवाह, ज्यांना निरोप देताना जीव जड झालाय त्या आपल्या मोतीताई, त्यांची लेक आणि जावईबापू, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे असलेले माझे वाचक मित्रहो,

ग्रंथपालाला भाषणाची सवय कुठून असणार? जन्मभर दुसऱ्यांना ‘हळू बोला’ म्हणण्यात आमचा घसा गेलेला. तेव्हा सांभाळून घ्या.

मोतीताईंना हे नाव त्यांच्या कामावरून पडलं. सराफाच्या दुकानात, आतल्या खोलीत पडद्यामागे बसून त्या मोती ओवायच्या. आता लेकीकडे राहायला चालल्या आहेत. त्यांच्या वाचनाचं कौतुक मी करणारच होते, पण काल त्या मला म्हणाल्या, “बाई, कौतुक राहू दे. ते दुकानातलं सांगा. कुणापासूनही लपवून जायचं नाही मला.” म्हणून सांगते.

गेल्या हिवाळ्यात आपल्या शनिवारच्या वाचक मंडळात आपण एक रहस्यकथा वाचली. हॉटेलात खून होतो आणि चादरींच्या कपाटात लपलेली एक कामवाली तो फटीतून बघते. ओरडत नाही, कुणाला सांगत नाही. चर्चेचा विषय होता, या कादंबरीत खरं शूर कोण? डॉक्टरीणबाईंनी गुप्तहेराची बाजू घेतली. मग साहेब, आपण म्हणालात, “शूर कोण ते नंतर बघू. भित्रं कोण ते तर उघड आहे. ती कपाटातली बाई!” कुणीतरी मागून म्हणालं, “खुन्याच्या आधी तिलाच आत टाका!” आणि काय हसलो आपण! मी, हळू बोला म्हणणारी, सगळ्यांत मोठ्यानं.

मोतीताई एकदम म्हणाल्या, “घंटा हाताशी असली म्हणून काय झालं? हात उचलायला नको?”

“कसली घंटा?” साहेबांनी विचारलं. “कादंबरीत घंटा कुठाय?”

ताईंचा चेहरा लालबुंद झाला. पुस्तक टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मी त्यांच्या घरी गेले.

त्यांनी दार उघडलं, पण माझ्याकडे बघेनात. मग खाली मान घालून सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानावर दरोडा पडला होता. दुपारची वेळ, मालक जेवायला गेलेले. बाहेर गल्ल्यापाशी ताईंच्या बरोबर काम करणारे दादा एकटे. दोघं तोंड बांधून आत शिरले. ताई पडद्याआड टेबलाखाली गेल्या. धोक्याच्या घंटेचं बटण भिंतीवर, हात लांबवला की पोचेल असं. त्यांनी हात लांबवला नाही. दादांना मारलं, त्यात त्यांचा एक कान कायमचा गेला. पोलिसांना ताई म्हणाल्या, मला आत काही कळलंच नाही. दादांनी नोकरी सोडली. ते जवळच राहतात, पण त्यानंतर ताई त्यांच्या समोर कधी गेल्या नाहीत.

“तुम्ही सगळे हसलात ना,” त्या मला म्हणाल्या, “ते बरोबरच होतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर, दादांकडे. एकटीनं गेले तर जिन्यावरून परत फिरेन.”

दादांनी दार उघडलं आणि ताईंना बघून त्यांचा हात कडीवरच राहिला. आत बसल्यावर ताईंनी एका दमात सांगून टाकलं, “दादा, घंटा मी दाबली नाही. हाताशी होती. मला माफ नका करू, फक्त ऐका.”

दादांनी चांगला कान पुढे केला होता. ऐकलं. आणि म्हणाले, “मला वाटत होतं, तू भांडायला आलीस.”

“मी? कशाला?”

“तू ऐकलं नाहीस? मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, मला सोडा, तिजोरीची किल्ली आतल्या बाईकडे आहे. तुझ्याकडे कुठली किल्ली? मी तुला पुढे केलं गं. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं म्हणून ते पळाले. नाहीतर...”

ताई पुटपुटल्या, “मी कान घट्ट झाकले होते.”

त्या खोलीत मी तिसरी कशाला होते, असं मला झालं. दादा उठले, म्हणाले, “चहा टाकतो. साखर अजून दोन चमचे का?” ताई म्हणाल्या, “आता बंद केली.”

पुढच्या शनिवारी ताई आल्या आणि मंडळासमोर स्वतः सगळं बोलल्या. साहेब, तेव्हा आपण उभे राहून म्हणालात, “मी निकाल फार लवकर दिला.” आम्हाला कुणालाच वर बघवेना.

मी ताईंना म्हटलं, भाषणात तुम्हाला शूर म्हणू का? त्या म्हणाल्या, “अजिबात नको. मला अजून लाज वाटते. वाटू दे.” म्हणून मी तो शब्द वापरत नाही.

समारंभाला आलेल्या सर्वांचे, खुर्च्या देणाऱ्या शेजाऱ्यांचे आणि अध्यक्षांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. आणि ताई, मघाशी बोलताना माझा आवाज दोनदा अडखळला, तो तुमच्या गोष्टीपायी नव्हे. आमच्या हसण्यापायी. त्याची क्षमा मात्र सभेकडे नाही, तुमच्याकडे मागते. आज नाही दिलीत तरी चालेल.