कायमकाम आणि मी

मी मूळची साताऱ्याची. वडील पलटणीत हवालदार होते, घरातसुद्धा त्यांचं बोलणं परेडवरचंच, जेवायला बसा म्हणाले तरी शेजारची पोरं ताठ व्हायची. लग्न झालं, नवऱ्याला इथे नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला नोकरी लागली, मी मागोमाग आले. काय सांगू तुम्हाला, नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि तिला मराठीत विचारलं तरी उत्तर डचमध्येच, मग दिवसभर मी बोलणार कुणाशी? म्हणून म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळतात त्या केंद्रात काम धरलं.

तिथे एक तुर्की आजोबा यायचे. इथल्या कापडगिरणीत उभा जन्म गेलेला, पण विसरण्याचा आजार लागला, आधी डच गेलं, मग आपण कामगार होतो हेच गेलं. त्यांची मुलगी म्हणाली, माझे पणजोबा तुर्की सैन्यात कायमकाम होते, म्हणजे लेफ्टनंट कर्नल, बाबा आता स्वतःलाच ते समजतात, सैन्यातले ते जुने हुद्दे तिकडेही आता राहिले नाहीत.

तर एकदा भर थंडीत आजोबा फाटकाशी जाऊन उभे राहिले, अंगात नुसता सदरा, कुणी हात लावला की झिडकारायचे. त्यांच्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, ते पहाऱ्यावर आहेत, वरच्याचा हुकूम लागेल. मी म्हटलं, कायमकामच्या वर कोण असतो? म्हणाली, मिरालाय, म्हणजे कर्नल. मग मी त्यांच्यासमोर गेले, स्वतःकडे बोट करून मिरालाय म्हटलं, आणि वडिलांसारखा आवाज काढून मराठीतच हुकूम दिला, कायमकाम, विश्राम. इतक्या मोठ्यानं मी या देशात कधी बोलले नव्हते हो. आजोबांनी सलाम ठोकला, खांदे सोडले आणि माझा हात धरून आत आले. हात नुसता बर्फ.

तेव्हापासून मी मिरालाय. मी आले की उठून उभे राहायचे, मी सांगितल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत. मी मराठीत बोलायचे, ते तुर्कीत, एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं पण बोलणं व्हायचं. आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही, ते मी घरी कुणापाशी बोलले नाही, त्यांच्यापाशी बोलले. ते मान हलवत ऐकत राहिले.

गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलीनं तुर्कस्तानात गावी नेऊन माती दिली.

काम चालू आहे माझं. हल्ली पोळ्या लाटताना मी मोठ्यानं बोलते, माझं मलाच कळत नाही. मुलगी दारातून विचारते, डचमध्येच, आई कुणाशी बोलतेस? कुणाशी नाही गं, म्हणते मी. विचारते तरी पोर. सुखात राहो, कुठल्या का भाषेत असेना.