दाराची बाजू

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आपले मिस्त्री, त्यांच्या सौभाग्यवती, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे ताटकळत उभे असलेले माझे सहकारी,

आपल्या या जुन्या शेताचं संग्रहालय झालं, तेव्हा इथे एक विहीर आणि एक गोठा एवढंच होतं. कोठार, लोहारशाळा, दूधघर हे सगळं गावोगावहून आलं. मिस्त्रींनी एकेक तुळई उतरवायची, तिच्यावर आकडा घालायचा आणि इथे आणून पुन्हा उभी करायची. बावीस वर्षांत त्यांनी अकरा इमारती हलवल्या. माझ्याच्याने घरातलं कपाट हलत नाही!

पण आज मला सांगायचंय ते शेतकऱ्याच्या घराबद्दल. त्याच्या दर्शनी भिंतीचं दार डावीकडे आहे, हे आपण रोज पाहतो. त्या घरात जन्मलेल्या काकू पहिल्यांदा बघायला आल्या. सवयीने उजवीकडे वळल्या आणि भिंतीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अगंबाई, दार कुठं गेलं?"

मिस्त्री पुढे झाले. "काकू, तुम्ही नाही चुकलात. घर चुकलंय."

चौकशी झाली. घराबाहेर पाटी लागली : 'दाराची बाजू सुताराकडून चुकली आहे.' मिस्त्रींना मिळायची मुख्य कारागिराची जागा दुसऱ्याला मिळाली. मिस्त्री चकार शब्द बोलले नाहीत.

मंडळी, भिंतीचा नकाशा बाहेर उभं राहून काढायचा, हा आपला नियम. त्या भिंतीचा नकाशा मी काढला. बाहेर ऊन होतं, म्हणून आत बसून काढला आणि तसं लिहायचं विसरलो; उजवीकडचं दार कागदावर डावीकडे आलं. उभारताना मिस्त्रींनी विचारलंही होतं, "साहेब, खाचा उलट्या वाटतात." मी नवा होतो, ताठ होतो. म्हटलं, "कागदावर आहे तसं लावा." पुढे चौकशीत मात्र मान खाली घालून बसलो. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही.

गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी हत्यारांची पेटी आवरली आणि तोच नकाशा माझ्या हातात ठेवला. खाली माझी सही. "घ्या, तुमचा आहे. उगाच जागा अडवत होता."

नऊ वर्षं तो कागद त्यांच्यापाशी होता. सांगा, तुमच्या-माझ्याच्याने झालं असतं हे?

अध्यक्ष महोदय, नकाशा मी आपल्या टेबलावर ठेवतो आहे. आणि आपली परवानगी न घेता आज सकाळी ती पाटीही बदलली आहे. आता तिच्यावर 'सुताराकडून' नाही, माझं पद लिहिलं आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते आपण पोटात घालावं. नकाशाचं मात्र आता कुणी पोटात घालू नये. मिस्त्री, तुम्हीसुद्धा.