पाठ टेकवून लढणारी पोट्टी

...अन् वरून मलेच म्हणते, ‘आबा, जुना जमाना गेला!’ गेला? अकोल्याच्या जुन्या शहरात कोण्याही आखाड्यात इचारा, भाऊ, या शालिकरामची पाठ कोणी मातीले टेकवली का? कोणीच नाई! आता वांगे, मुळे, सांभार-कोथिंबीर पिकवतो, बाजारात इकतो, पण मान पाहा, अजून बैलासारखी. अन् आमच्या कुस्तीत कायदा एकच. पाठ टेकली की खेळ खलास!

तर तुमाले सांगतो, ही माही नात, प्रतीक्षा. अमरावतीले शिकाले ठेवली, तर तिथं काय शिकली? जुजुत्सू! जपानी का ब्राझिली, कोणाची कुस्ती थे तिलेच ठाऊक. आता म्हणते, ‘आबा, मी स्पर्धेसाठी दिल्लीले जातो.’ आमच्या घरात माह्या होकाराबिगर गिलास हालत नाई! म्हनलं, पह्यले मले हरव, मंग जा. नाई हरवलं, तर हे खूळ बंद. आमची घरवाली सुंदराबाई म्हणते, ‘लाज वाटू द्या जी, नातीसंगं कुस्ती खेळता?’ म्हनलं, कुस्ती नाई, फैसला!

बडनेऱ्याले गाडीतून उतरलो, अमरावतीले तिच्या क्लासात गेलो. तिथं माती नाई, गाद्या! लंगोट नाई, अंगात जाड कुडतं, गोणपाटासारखं, कमरेले पट्टा. मलेही घातलं. आपल्या कुस्तीत पकडाले असते काय? मान, मनगट, पाय. इथं पोट्टी येते थे सरळ बाहीच धरते! झटकली, तर कॉलर धरली. मी तिचं मनगट धरलं, ज्या हातानं उभी जिंदगी मुळे उपटले त्या हातानं... तिनं माह्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवला, सुटली, अन् पुन्हा माही बाही! अरे, कुस्ती करून राहिली का शिंप्यासारखं माप घेऊन राहिली?

अन् मंग काय केलं सांगू? कोणी हात न लावता खाली बसली अन् उताणी पडली! स्वतःहून! पैलवानाच्या नातीनं! पाठ टेकली की खेळ खलास! मी लोकाइकडे पाह्यलं, दोन्ही हात वर केले... एकच गेला! दुसऱ्याची बाही तिच्या मुठीत!

तिचे सर, नागसेन, हासून म्हणतात, ‘बाबाजी, खेळ तर आता सुरू झाला. थे पडली नाई, थो तिचा किल्ला आहे.’ उताणा किल्ला पाह्यला का तुमी कधी?

बरं, केली चढाई. तिचा डावा पाय हटवला, तर उजवा माह्या कमरेवर. उजवा हटवला, तर गुडघा छातीवर. अन् दोन्ही बाह्या धरून वासरासारखं हालवून राहिली मले! तिनं ढकललं म्हणून मी रेटलं, तिले हेच पाह्यजे होतं... माहा एक हात तिच्या पायाइच्या आत, एक बाहेर, अन् तिचे दोन्ही पाय माह्या मानेभोवती, बैलाच्या जुवाड्यासारखे! सांगा, पाठ कोणाची टेकली? तिची! मंग दम काहून माहा निघून राहिला?

अन् हळूच म्हणते, ‘आबा, हार मानली असंन तर हातानं दोनदा थापटा. लगेच सोडतो.’ थापटू? शालिकराम? डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले, तोंडातून शब्द निघेना, अन् असा राग आला, असा राग आला... मोकळ्या हातानं मांडीवर शड्डू ठोकला! ये! एक नाई, दोन!

‘थापटलं!’ सर ओरडले. ‘सोड, प्रतीक्षा!’ सोडलं. टाळ्या, शिट्ट्या! अन् ही पोट्टी काय करते? उठते अन् रडकुंडीले येऊन म्हणते, ‘नाई सर. थो माह्या आबाचा शड्डू होता. लहानपणापासून आयकतो मी. आबा हरले नाईत. पुन्हा लावा.’

हातात आलेली दिल्ली परत करून राहिली येडी! अन् मले तर तिचा डाव आता समजला होता. किल्ल्याजवळ गेलोच नसतो. संध्याकाळपर्यंत दूर उभा राह्यलो असतो, काय केलं असतं तिनं? हातची गेली असती तिची दिल्ली.

मी मान चोळली. म्हनलं, ‘चूप बैस. हात माहा, मांडी माही. थापटलं मी.’

तुमाले सांगतो, साऱ्या जिंदगीत एकदाच हार कबूल केली... अन् थेही खोटं बोलून!