सन तेराशे पन्नासचा उंट

(सौदी अरेबियातल्या हुफूफची जत्रा. मध्ययुगीन द्वंद्वांच्या मैदानामागे चिलखतं तपासायचा तंबू.)

बदरुद्दीन: साहेब, हा वास कसला येतोय?

यतीन: सन तेराशे पन्नासचा.

विभा: उंटाचा. उंटाच्या चरबीचा. भाई, मास्क घ्या, माझ्याकडे जास्तीचा आहे.

यतीन: विभा, त्या काळी लोखंडाला चरबीच चोळायचे. गंज चढू नये म्हणून.

विभा: त्या काळी नाशिकच्या मुलीला आणून जुबैलच्या फ्लॅटमध्ये ठेवत नव्हते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, भाई. आणि आठ महिने फ्रिजमध्ये, श्रीखंडाच्या डब्यात, उंट आहे. सासूबाई आल्या होत्या, त्यांनी पुरीला लावला.

यतीन: आईला काही कळलं नाही.

विभा: आई म्हणाल्या, वेलची कमी पडलीय.

बदरुद्दीन: या अल्लाह. बरं, यल्ला, चला लवकर, साडेतीनला तुमचं नाव पुकारतील. मघाशी एक सरदार आला होता, त्याच्या चिलखताला पाठीमागनं चेन. जीन्सच्या पँटीला असते ती.

यतीन: शी! पास केलंत?

बदरुद्दीन: नाय हो. नियम म्हणजे नियम. तेराशे पन्नासच्या नंतरचं काय पण अंगावर असलं की मैदान बंद.

यतीन: किळस येते मला असल्या लोकांची. हे बघा. अठरा हजार कड्या, एकेकीला हाताने रिव्हेट. दोन वर्षं. वीस वर्षं मी नुसत्या दुसऱ्यांच्या पाइपांवर सह्या केल्या, बदरुद्दीनभाई. आज पहिल्यांदा स्वतः बनवलेलं काहीतरी घालून...

बदरुद्दीन: सह्या ठाऊक आहेत मला. दम्मामच्या वर्कशॉपातले माझे चाळीस पाइप तुम्हीच रिजेक्ट केलेत. रंग पाच मायक्रॉन कमी भरला म्हणून.

यतीन: कमी होताच.

बदरुद्दीन: होताच. मी कुठं नाय म्हणतो? हात वर करा. जरा चरबी पुसतो... साहेब, हे खाली करडं काय?

यतीन: कुठे?

बदरुद्दीन: सगळीकडं.

विभा: यतीन?

बदरुद्दीन: जस्ताचा प्रायमर. आपल्याच लायनीतला. रंगाची जाडी मोजायचं गेज आहे खिशात. लावू?

यतीन: लावा.

बदरुद्दीन: पंचाहत्तर मायक्रॉन.

यतीन: एकसारखा?

बदरुद्दीन: एकदम एकसारखा. असा हात मी बघितला नाय.

विभा: कधी केलंस हे?

यतीन: मार्चमध्ये. काखेत गंज दिसला. एवढासाच. ठरवलं होतं, राहू दे, त्या काळी असायचाच. पण बघवेना गं. ब्रश कधी हातात घेतला ते कळलंच नाही.

विभा: एक मिनिट. प्रायमर मारल्यावर गंज चढतो?

यतीन: दहा वर्षं तरी नाही.

विभा: मग एप्रिलपासून फ्रिजमध्ये उंट कशाला होता?

यतीन: ऐतिहासिक अचूकतेसाठी.

विभा: मला ओकारी येतेय.

बदरुद्दीन: वहिनी, पाणी घ्या. साहेब, एक सांगू? वरनं परत चरबी चोळा. कुणाच्या बापाला कळायचं नाय. मी सही करतो.

यतीन: तुम्ही? माझ्यासाठी?

बदरुद्दीन: काम चांगलं आहे म्हणून.

विभा: करा, भाई. दोन वर्षांत हा सुट्टीच्या एकाही शुक्रवारी दुपारचा झोपला नाही. घाण वास येतोय, मान्य. पण लढू दे एकदा.

यतीन: नाही.

विभा: यतीन, वेड्यासारखं करू नकोस. मैदानात नाव घेतायत तुझं.

यतीन: ऐकू येतंय. भाई, नापास लिहा.

बदरुद्दीन: कारणाच्या रकान्यात काय लिवू?

यतीन: द्या इकडे, मीच लिहितो. ‘गंज आढळला नाही.’