सशाच्या वर्षानंतर

— विचारलंय हो येर्मेकभाऊ, त्यांना विचारल्याशिवाय का तुमचा ट्रक एवढ्या लांब बोलावीन? नवऱ्याच्या मेंढ्या बायको अशी विकते होय? चहा घ्या. दूध कमी आहे, गाय आटलीय. हे विहिरीवर गेलेत, यायच्या आत भरून टाका— म्हणजे, त्यांच्या डोळ्यांदेखत नको, एवढंच. जीव आहे त्यांचा कळपावर.

माणूस भला हो, पण हट्टी! बारा वर्षांचं चक्र मोजत बसतात, एकेका जनावराच्या नावाचं एकेक वर्ष. सशाच्या वर्षी जनावरं मरणार, मागून गोगलगायीचं वर्ष आलं की पाऊस, गुडघाभर गवत— तुमच्याही घरी हेच म्हणत असतील. मग? ससा आला नि गेला, त्याच्या आधीही कोरडं, नंतरही कोरडंच. गोगलगायीचं वर्षही निम्मं सरलं. तरी यांचं आपलं एकच, चक्र अडलंय, फिरेल. अडलंय म्हणे! गेल्या वर्षी अल्माटीहून पोरं आली होती, सुकलेल्या तळ्याचा गाळ तपासायला. त्यातली एक पोरगी म्हणाली, आजी, इथला पाऊस असा वर्षं मोजून कधी आलाच नाही, गाळात असेही दुष्काळ दिसतात की त्यात माणसाचा आख्खा जन्म जाईल. मी यांना सांगितलंच नाही. कसं सांगू? सासरेही असेच वाट बघत बसले होते— उन्हाळ्यात गवत उगवलं नाही, हिवाळ्यात वर बर्फाचं कवच— एकेक मेंढी आडवी झाली. शेवटची गेली त्या सकाळी म्हातारा टोपी घरातच ठेवून माळावर चालत निघाला. बर्फ वितळल्यावर सापडला. मेंढ्यांचं काय घेऊन बसलात, मला या माणसाची धास्ती आहे! यांच्या डोळ्यांसमोर एकेक मरण्यापेक्षा विकलेल्या बऱ्या. दार जरा वाजलं की उठून बघते, अंथरुणात आहेत ना.

बरं, नाही विचारलं. बघू नका असं माझ्याकडं. अर्ध्या चढल्यात, उरलेल्या पटपट चढवा—

थांबा. ती धूळ बघा, यांचीच मोटरसायकल. तुम्ही बोलू नका, मी बोलते. अहो, मीच बोलावलं यांना! काय ओरडायचं ते माझ्यावर ओरडा— अहो? कुठं निघालात? अगं बाई, भाऊ, बघा तरी, स्वतःच उचलून चढवतायत. अहो, लाळ! मेंढ्यांच्या तोंडाची लाळ तरी बाहीला पुसून घ्या! जनावर विकताना कुणी तशीच देतं का? घराची बरकत घरात राहायला नको?

ऐकलंत, काय म्हणाले? "कशाला?"

एवढंच. कशाला, म्हणे. काल रात्री हाच माणूस पुढच्या वसंतातली कोकरं मोजत होता हो... नाही. नाही, येर्मेकभाऊ, फाळका उघडा. उतरवा. सगळ्या उतरवा, नाही विकायच्या. तुमचा हेलपाटा झाला, माझं चुकलं. उतरवा म्हणते ना! आणि निघा तुम्ही. निघा.