राष्ट्रीय एकात्मतेचा सिनेमा

आता यात अच्युतरावाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा! पोट्टी म्हणते, "बाबा, पिक्चर एकात्मता पर है," अन् बापानं बोर्डावर लिहून टाकलं, 'राष्ट्रीय एकात्मतेचा सिनेमा, सहकुटुंब यावे.' आता स्वतःच्या पोट्टीवर विश्वास नाही ठेवायचा, त काय गोल बाजारातल्या भांडेवाल्यावर ठेवायचा? इकडं हिंदी मुलखात, समता कॉलोनीतलं आपलं मराठी मंडळ, अच्युतराव अध्यक्ष, अन् सिनेमे निवडायचं काम त्यायच्या स्वरदाकडं. तुम्हाले सांगतो, हॉल असा भरला, असा भरला, का शेजारच्या मीराबाई दारात चपलायजवळ बसल्या!

सिनेमा सुरू. पहाडातलं गाव, मधात पोलिसाचं नाकं, इकडं एक धर्म, तिकडं दुसरा, झेंडे वेगळे, पार्ट्या वेगळ्या, दगडफेक... अन् दोन पोट्ट्या, एक इकडची, एक तिकडची, चोरून भेटून राहिल्या. मीराबाई म्हणतात, "माय वो, किती जीव लावतात मैत्रिणी एकमेकीले!" अन् तेवढ्यात मैत्रिणीनं मैत्रिणीचा असा मुका घेतला न, का हॉलातला चिवडा चावायचा आवाज बंद! इंदूबाईनं नवऱ्याले, म्हणजे अच्युतरावाले, कोपर मारलं, "अहो, बंद करा न!" पण नवरा कुठं ऐकून राहिला? डोळे पुसून राहिलता! "अबे जाऊ दे न त्या पोट्टीले!" असा ओरडला पोलिसावर... पडद्यावरच्या! माणसाचं काळीज मऊ, आता यात अच्युतरावाचं काय चुकलं?

बरं, रडला त रडला, गप घरी जायचं न? नाही! अध्यक्ष पडले! आभार मानायले माइक घेतला. "प्रेमाले धर्म नसते! प्रेमाले पार्टी नसते! त्या पोट्ट्यायचे बाप दगड होते, दगड! माझी पोट्टी असती, त मी छातीशी धरलं असतं!" टाळ्या! काय टाळ्या, बापा!

अन् स्वरदा उठली. बाजूच्या रुचिताले उठवलं अन् म्हणाली, "तो फिर पकड़ो, बाबा. मैं और रुचिता... कब से बताना था, हिम्मत नहीं हो रही थी."

ही रुचिता कोण? तुळशीरामची पोट्टी! मागच्या गल्लीतला तुळशीराम, रेल्वेतून रिटायर, पक्का बौद्ध, अन् प्रत्येक इलेक्शनमंधे अच्युतरावाच्या टेबलासमोर दुसऱ्या पार्टीचं टेबल टाकून बसणारा! चहासुद्धा एकमेकाकडं पाठ करून पेणार. अन् तोही हॉलात बसलेला! अच्युतरावानं साऱ्या हॉलाकडं पाहिलं. लोक काय म्हणतीन... माइक अजून चालू... अन् पोट्टी समोर उभी, नुसती बापाच्या तोंडाकडं पाहून राहिली. आता नाही म्हटलं त ही गेली आपल्या हातची, हे समजलं बापा त्याले. उतरला खाली. धरलं छातीशी. सिनेमापेक्षा जास्त रडला.

तुळशीराम उठला. "जय भीम, अच्युतराव. दगड आम्हीही नाही! माइक तुमच्या हातात होता, नाही त मीच बोलणार होतो!" अन् स्वरदाच्या डोक्यावर हात ठेवला.

झालं न सगळं गोड? मग अच्युतरावाले रीत आठवली! पोरीवाल्यायनं आपण होऊन समोरच्याच्या घरी जायचं असते. रविवारी सकाळी कोट घातला, इंदूबाईले पेढ्याचा डबा दिला, गेले तुळशीरामच्या घरी. दाराले कुलूप! काहून? तुळशीरामही पोरीचाच बाप! तोही पेढे घेऊन अच्युतरावाच्या दारात, तिथंही कुलूप! दोघं उन्हात उभे, दोघंही तापले. हे म्हणतात, "आम्ही पोरीवाले म्हणून काय दारात उभं ठेवायचं?" तो म्हणते, "पोरीवाल्याले काही मान हाय का नाही?" रीतीनं वागला माणूस, आता यात अच्युतरावाचं काय चुकलं?

पोट्ट्यायनं तेलीबांध्याले तलावाजवळ घर घेतलं, मजेत हायेत. अन् दोघं बाप रुसून बसले... रुसलेल्याले मनवायले पोरीवाल्यायनंच जायचं असते न, अन् हे दोघंही पोरीवाले, दोघंही रुसलेले! जन्मात पहिल्यांदा दोघं एका बाजूले आले, अन् मनवायले दुसरी बाजूच नाही उरली!