बारा घटकांचं खोटं माप

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, आणि पेटीवाल्या दादांनी भाता मिटून घ्या. आज गोष्टीआधी तुम्हालाच एक विचारतो. एक माणूस आहे, अगदी सरळ. उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही. पण त्याच्या हातात जे माप दिलंय, तेच खोटं आहे! आणि त्याला ते ठाऊक नाही. मग तो माणूस खरा म्हणायचा की खोटा?

माना डोलवू नका. डोलवणं सोपं असतं! उत्तर गोष्टीत शोधू.

घाटाखाली उंबरसांगवी नावाचं गाव. पेशवाई नुकतीच बुडाली होती, कंपनीचा अंमल सुरू झाला होता. पण उंबरसांगवीला त्याचा पत्ताच नव्हता. तिथे सरकार एकच — आनंदराव जहागीरदार. त्यांच्या पणजोबांच्या वेळेपासून एक रीत होती. घरटी एका माणसानं रोज वाड्यावर वेठीला जायचं. वेठ म्हणजे काय? फुकटचं काम. कुंपण घाला, धान्य कांडा, गुरांचं शेण काढा. सूर्य उगवल्यापासून बारा घटका वाड्याच्या, आणि मग उरलेला दिवस ज्याचा त्याला.

आता घटका मोजायची कशी? तुम्ही काय, मनगट बघता. त्या मागच्या खांबाजवळचे दोघे तर मघापासून तिसऱ्यांदा बघतायत! तेव्हा घड्याळ नव्हतं. एक तांब्याची वाटी, तिच्या बुडाला सुईएवढं भोक. पाण्याच्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते, बुडते. एकदा बुडाली की एक घटका झाली. मग काशाच्या जाड थाळीवर टोला द्यायचा.

हे काम गिरमाजी गुरवाकडे होतं. भैरोबाच्या देवळात पूजा करायची आणि देवळाच्या ओट्यावर पहाटेपासून घंगाळापुढे बसायचं. त्याच्या आधी त्याचा बाप बसायचा. गिरमाजीला त्या वाटीचा फार अभिमान. दसऱ्याला ती वाड्यावर पूजेला जायची आणि तिथून लख्ख होऊन परत यायची. वाटी बुडेपर्यंत त्याची नजर हलायची नाही. बारावा टोला पडला की लोक पाठ सरळ करायचे, आणि सूर्य तेव्हा बरोबर डोक्यावर आलेला असायचा. बारा घटका म्हणजे माथ्यावरचा सूर्य, हेच गाव पिढ्यानपिढ्या समजत होतं.

त्या गावात येसू नावाची एक बाई. नवरा बैलगाडीखाली सापडून अधू झालेला, म्हणून वेठीला हीच जायची. घरी चार महिन्यांचं पोर, सांभाळायला आंधळी सासू. वाड्याच्या मागच्या पडवीत येसू कांडण कांडायची. दूध भरून यायचं, चोळी ओली व्हायची. आणि घर तर एवढं जवळ, की पोराचं रडणं कानावर यायचं.

एके दिवशी पाणी भरायच्या निमित्तानं ती ओट्याशी आली. हळूच म्हणाली, "गिरमाजीदादा, शेवटचा टोला थोडा आधी देता येईल का? पोर सकाळपासून उपाशी आहे."

गिरमाजीचं काळीज हललं. पण तो म्हणाला, "येसू, मी या वाटीशी बेइमानी करणार नाही. आज तुझ्यासाठी केली, तर उद्या माझ्या टोल्यावर कोण विश्वास ठेवील?"

ती घागर उचलून गेली.

मंडळी, त्याचं चुकलं का? मला तरी चुकलं असं वाटत नाही. तुम्हालाही वाटलं नसतं. थांबा मात्र.

चैत्रात गावाबाहेर तंबू पडले. कंपनीकडून जमीन मोजणारे आले होते. त्यांच्यात नरहरपंत नावाचा एक कारकून. अंगानं काटकुळा, स्वभावानं चौकस. हे काय, ते काय, असं का, तसं का! असा माणूस पंगतीत शेजारी बसला तर जेवण होत नाही. तो देवळात आला, वाटी पाहिली आणि हरखून ओट्यावर मांडी घालूनच बसला. कमरेच्या पिशवीतून त्यानं एक गोल डबी काढली. आत काटे फिरतायत, टिकटिक होतेय. गिरमाजीनं आधी हातच जोडले.

पंत हसला. म्हणाला, ही पण वाटीच आहे, फक्त हिला पाणी लागत नाही. मग त्यानं समजावलं. या डबीचा एक तास होतो, तेवढ्यात तुझ्या अडीच घटका व्हायला हव्यात. बघू या का जुळतंय?

गिरमाजी लहान मुलासारखा उत्सुक झाला. वाटी पाण्यात सोडली. दोघांच्या माना खाली. एकदा बुडाली. पुन्हा ठेवली. दुसऱ्यांदा बुडाली. आणि पंताच्या डबीत तास पुरा झाला!

अडीच व्हायला हव्यात आणि दोनच झाल्या. गिरमाजी म्हणाला, तुमच्या डबीत बिघाड असेल. पंत रागावला नाही. असेल, म्हणाला, उद्या पुन्हा बघू. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. तेच. मग पंतानं सहज सांगितलं की चैत्रात दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, सूर्य माथ्यावर यायला पंधरा घटका लागतात. तुझ्या बाराच कशा होतात?

गिरमाजीनं वाटी उपडी केली. भोकाच्या कडेला नखानं खरवडलं. नखाखाली राखी रंगाचं काहीतरी आलं. कल्हई! दर दसऱ्याला वाटी लख्ख होऊन येत होती ना? त्या कल्हईचा एकेक थर भोकात बसला होता. भोक बारीक, पाणी हळू, घटका लांब.

तो हिशोबी माणूस नव्हता, पण एवढं त्याला कळलं. वाड्यावर राबणाऱ्या प्रत्येक माणसाच्या रोज तीन घटका जास्तीच्या जात होत्या. रोज! त्याच्या वडिलांच्या हातून गेल्या, त्याच्या हातून गेल्या. आणि त्याला पहिली आठवली ती येसू. तिला तो बेइमानीची भाषा ऐकवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो वाड्यावर गेला. आनंदराव सदरेवर एकटेच होते. गिरमाजीनं वाटी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. आनंदरावांनी वाटी उजेडात धरली, भोकातून पाहिलं. तेही चकित झाले. खरं सांगतो, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या आजोबांनी मुद्दाम करवलं, की कल्हईवाल्याच्या हातून आपोआप झालं, हे आता कोण सांगणार?

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "गिरमाजी, आज भोक मोठं केलं, तर लोक विचारतील की इतकी वर्षं काय होतं. मी काय सांगू?"

"जे झालं ते सांगावं, सरकार."

"ते मला जमणार नाही. तू पूर्वीसारखाच टोला देत जा."

बघा, हा माणूस दुष्ट नाही. त्याला फक्त लाज वाटतेय. आणि लाज झाकायला त्याला गावाची रोजची सकाळ लागतेय!

गिरमाजी परतला. दोन दिवस त्यानं जुन्यासारखेच टोले दिले. मंडळी, ते दोन दिवस त्याला जड गेले. आधी हात खरा होता आणि वाटी खोटी होती. आता हातही खोटा झाला. तिसऱ्या दिवशी तो पंताकडे गेला. दोघांनी सुई घेतली, भोक साफ केलं, डबीशी ताडून पाहिलं. अडीच म्हणजे अडीच!

चौथ्या सकाळी बारावा टोला पडला तेव्हा सावल्या अजून लांब होत्या. लोक मुसळं हातात धरून एकमेकांकडे बघत राहिले. जावं की थांबावं, कुणाला कळेना. गिरमाजीनं त्याच क्षणी देवळापुढच्या अंगणात एक काठी रोवली, तिच्या सावलीवर कोळशानं रेघ ओढली. तासाभरात वाड्यावरून माणसं आली. वाटी नेली, थाळी नेली, आणि भोक पुन्हा पूर्वीएवढं बारीक करून ओट्यावर दुसरा माणूस बसवला.

पूजा मात्र गिरमाजीकडेच राहिली. ती काढून घ्यायला भैरोबाची भीती वाटली असावी! तो त्या दिवशी घरोघर फिरला. जे झालं ते सांगितलं, स्वतःचा दोष आधी सांगितला. म्हणाला, अंगणात काठी रोवा. उद्या माझ्या काठीची सावली रेघेवर आली की मी नैवेद्याची घंटा वाजवीन, तेव्हा तुमच्या सावलीवर रेघ ओढा. ती तुमची बारावी घटका. महिन्यानं सूर्य सरकेल, तेव्हा रेघही सरकवू.

येसूच्या दारी तो शेवटी गेला. तिथेही आधी स्वतःचाच दोष सांगितला. येसूनं पोराला खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "काठी कुठे रोवायची, दादा?" एवढंच.

तीन दिवस घंटा वाजली. मग वाड्यावरून हुकूम आला, अवेळी घंटा बंद. पण तीन दिवस पुरे झाले होते. आता काठ्या किती उपटणार? मुकादम संध्याकाळी उपटायचा, पहाटे बाया पुन्हा रोवायच्या. कुणी तुळशीशेजारी, कुणी गोठ्यापुढे. आणि येसू? वाड्याच्या पडवीला उन्हाचा कवडसा यायचा, तिथे तिनं जमिनीवर बोटभर रेघ ओढून ठेवली होती. कवडसा रेघेवर आला की ती मुसळ भिंतीला टेकवायची, पदर खोचायची आणि भांडण न करता घरी चालू लागायची. चौथ्या दिवशी तिच्यामागे सात जणी गेल्या.

आठवड्यानं आनंदराव सहज मागच्या अंगणात आले. वाड्याच्या चुलीपुढे तीस वर्षं राबलेल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं दाराशी एक काठी रोवलेली. त्यांनी विचारलं, हे काय? म्हातारा चाचरत म्हणाला, "भाकरी केव्हा टाकायची ते कळतं, सरकार."

आनंदराव रागावले नाहीत. काठीपाशी उभे राहिले. सावली सरकताना त्यांनी आयुष्यात कधी पाहिलीच नव्हती. ती रेघेवर आली, आणि तिला अडवायला कुणी नव्हतं. थाळी गप्पच होती. थाळीचा टोला पडला तो पुष्कळ वेळानं, आणि तोवर ते तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी गिरमाजी येसूच्या अंगणात रेघ नीट करत होता. सावली रेघेला टेकली, आणि देवळाच्या ओट्यावरून बारावा टोला आला. कुणी दवंडी पिटली नाही, कुणी माफी मागितली नाही. गिरमाजी कोळसा हातात धरून तसाच बसून राहिला. मग डोळे पुसले, आणि तोंड काळं झालं. येसूचं पोर त्याच्याकडे बघून हसत होतं!

तर मंडळी, माणूस खरा की खोटा? ठाऊक नव्हतं तोवर त्याला कुणी बोल लावू नये. ठाऊक झाल्यावरचे दोन दिवस मात्र त्याचे स्वतःचे होते. एका युगाचं दुसरं युग होतं ते दिल्लीत आणि पुण्यात नाही होत. माप एकाच्या घंगाळातून निघून सगळ्यांच्या अंगणात येतं, तेव्हा होतं.

आता तुमच्याकडे वळतो. वाडे गेले म्हणता? तुमच्या दुकानातला गडी घरी जातो तो कुणाच्या टोल्यावर? तुमच्या घरातली सून जेवते केव्हा? तुमची जेवणं झाल्यावर ना? तिची बारावी घटका कोण मोजतो? उद्या घरी कुणी अशी काठी रोवली, तर तुम्ही ती उपटणार, की तिच्यापाशी घटकाभर उभे राहणार?

मला उत्तर नको. भैरोबाचं नाव घ्या, उठा, आणि ते घरी जाऊन द्या.